इनास, तू नकार का दिलास

इनास, इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर दोन पानं द्यायची ठरली आणि ती माझ्या गळ्यात पडली. जन्म कुठे, शिक्षण किती, कारखान्यात कुठल्या हुद्द्यावर, हे सगळं अविनाशराव वेगळ्या चौकटीत देणार आहेत, फोटोसकट. मला निरोप पाठवला, "तुम्ही आठवणी लिहा. जरा हळवं लिहा." मी हळवं लिहायला बसलो आणि पहिल्या ओळीपासून तुझ्याशी भांडतोय. माणूस गेला की निदान वाद तरी संपतो असं म्हणतात. तुझ्याबाबतीत तेही नाही. सकाळी कामावर निघालेला माणूस डोनाऊ नदीच्या पुलावर सायकल कठड्याला टेकवतो काय, छाती धरून खाली बसतो काय, आणि माझ्या एका साध्या प्रश्नाचं उत्तर न देता निघून जातो काय! ही कुठली पद्धत?

प्रश्न तुला पाठ आहे, पण अंक वाचणाऱ्यांत नवी पोरं आहेत. त्यांनी तुला फक्त गणपतीत वडे तळताना बघितलंय. त्यांच्यासाठी सांगतो. दोन वर्षांपूर्वी या मंडळाने तुला अध्यक्ष निवडलं. गुप्त मतदानाने, दोन तृतीयांश मतांनी, तूच घालून दिलेल्या नियमांनी. तू उभा राहिलास आणि नाही म्हणालास. का?

आपली ओळख झाली ती इथे जर्मनीत, गाड्यांच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये. रांगेत माझ्या मागून कोणीतरी पुटपुटलं, "आयला, आज परत बटाटेच." मी वळलो. नाव सांगितलंस, इनास. मी म्हटलं, "गोव्याचे का?" तू म्हणालास, "वसईचा. चारशे वर्षं मराठीतच पापं कबूल करतोय आम्ही." मी लातूरचा. माझे वडील मोंढ्यात हमाल. आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढलो आणि हे मी कोणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगतो, तुलाही सांगितलं. तू म्हणालास, "बरं झालं. आता बटाटे घे, मागे रांग खोळंबलीय." माझ्या पदवीवर इतकं कमी बोलणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. राग आला. आणि दुसऱ्या दिवशी मी तुझ्याच टेबलावर येऊन बसलो.

मग ते वर्ष आलं. पोलंडचे म्हातारे पोप वारले तेव्हा तू ऑफिसातून रजा काढलीस. मी आणि माझी बायको, सुनीता, तुझ्याकडे आलो, म्हटलं घरचं कोणी गेल्यासारखं बसला असेल. तर तू टीव्हीसमोर, आणि रेजिनावहिनी स्वयंपाकघरातून ओरडताहेत, "सुनीता, तू तरी सांग गं याला, दोन घास खा म्हणावं." नऊ दिवस शोक पाळतात हे तू सांगितलंस, तर सुनीता म्हणाली, "म्हणजे सुतकच की, इनासभाऊ." तुला ते फार आवडलं. नंतर तू ते तुझ्या इथल्या पाद्रीबाबांनाही जर्मनमध्ये समजावून सांगत होतास. त्यांना काय कळलं देव जाणे.

पुढचे दोन आठवडे, नवा पोप कसा निवडतात हे सांगून सांगून, तू माझं डोकं खाल्लंस. गेलेल्या पोपची अंगठी फोडतात, त्याच्या नावाने पुन्हा शिक्का उठायला नको म्हणून. ऐंशी उलटलेल्या कार्डिनलला मत नाही. "सगळे बाहेर" अशी आरोळी होते आणि दार बंद. प्रत्येकाने चिठ्ठीवर नाव लिहायचं, तेही अक्षर बदलून. मोजून झाल्या की चिठ्ठ्या सुईदोऱ्यात ओवायच्या आणि जाळायच्या. काळा धूर म्हणजे नाही जमलं, पांढरा म्हणजे जमलं. आणि शिंप्याने आधीच तीन मापांचे पांढरे झगे शिवून ठेवलेले असतात, लहान, मधला, मोठा, कारण आतून कुठल्या अंगाचा माणूस बाहेर येईल ते कोणालाच ठाऊक नसतं. झगा घालायची ती खोली, तिला रडायची खोली म्हणतात. मी विचारलं, "रडायचं काय त्यात? एवढं मोठं पद मिळालं." तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं मी एखाद्या गाडीला पाचवं चाक लावा म्हणालो.

तुझ्या सगळ्या गोष्टींत एक मला खरंच पटली होती. मतं मिळाल्यावर त्या माणसाला विचारतात, स्वीकार आहे का? तो नाही म्हणू शकतो. "पण म्हणायचं नसतं," तू म्हणालास. "मागायचं नाही, आणि दिलं तर पळायचं नाही." मी ते वाक्य डोक्यात ठेवलं. आमच्या घरात कोणी काही दिलंच नव्हतं, तेव्हा पळायचा प्रश्न कुठे आला? पण मागायचं नाही हे माझ्या बापाचंही म्हणणं होतं. म्हटलं, वसई आणि लातूर इथे एक झालं.

निवड झाली त्या संध्याकाळी आपण तुझ्याकडेच होतो. धूर आधी करडा, मग म्हणे पांढरा, मग परत शंका. तू टीव्हीला शिव्या दिल्यास. एवढ्यात आपल्या गावातल्या चर्चच्या घंटा सुरू झाल्या, एकामागून एक, आणि थोड्या वेळाने कळलं, नवा पोप इथला. बव्हेरियाचा! खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ हुबर जिन्यातून वर आल्या, त्यांनी तुझ्या गळ्यात पडून तुझे मुके घेतले, जणू तूच त्याला मत दिलं होतंस. तुझा मेल्विन आणि माझी पूर्वा जर्मनमध्ये किंचाळत नाचत होती, कारण सगळेच नाचत होते. पेपरांत येतच होतं की म्हाताऱ्याला आता निवृत्त व्हायचं होतं, आपल्या गावाकडे येऊन पुस्तकं वाचत बसायचं होतं. सज्जात तो आला, हात वर केले. सगळी खोली टाळ्या वाजवत होती. तू एकटा म्हणालास, "बिचारा." मी विचारलं, "बिचारा काय?" तू म्हणालास, "काही नाही. चहा घेणार?"

आणि मग तुझ्या डोक्यात ते खूळ शिरलं.

मंडळाची वार्षिक सभा मेमध्ये होती. आपल्या सभा म्हणजे काय हे नव्या पोरांना सांगायला नको. पंचवीस-तीस माणसं, त्यांत चार गट. महिनाभर आधीपासून फोनाफोनी, कोणाच्या बायकोने कोणाच्या बायकोला भोंडल्याला बोलावलं नाही इथपर्यंत. तू सुचवलंस, यंदा उमेदवार नकोत, प्रचार नको. आत जाऊ, दार बंद करू, प्रत्येकजण मनातलं नाव लिहील, दोन तृतीयांश होईपर्यंत फेऱ्या.

अविनाशराव म्हणाले, "इनासराव, आपण काय पोप निवडतोय?"

"नाही," तू म्हणालास, "पण भांडणं तेवढीच आहेत."

लोक हसले आणि तिथेच ठराव पास झाला. विनोदाने पास झालेले ठराव फार महागात पडतात, हे मी तेव्हाच म्हणालो होतो.

सभा चर्चच्या त्या छोट्या सभागृहात. पोरांना "सगळे बाहेर" म्हणून तू अंगणात पिटाळलंस, रेजिनावहिनी त्यांच्यावर लक्ष ठेवायला आणि वड्याचं सारण सांभाळायला बाहेर. इथवर ठीक. पण तुला सगळं यथासांग हवं होतं. बाहेरून कुलूप! हाउसमाइस्टरला, म्हणजे तिथल्या देखरेखवाल्या बाबांना, तू किल्ली दिलीस आणि सांगितलंस, आम्ही दार वाजवू तेव्हा उघडा. तो बिचारा बव्हेरियन माणूस, त्याला वाटलं ही भारतीयांची काहीतरी पूजा आहे. मान डोलावली, कुलूप लावलं, आणि दुपारचं जेवायला घरी गेला. किल्ली खिशात.

पहिल्या फेरीत मतं सगळी विखुरली. तू चिठ्ठ्या सुईदोऱ्यात ओवल्यास, कोपऱ्यातल्या जुन्या शेगडीत घातल्यास आणि वर ओला पेपर टाकलास, काळ्या धुरासाठी. गाड्यांची वातानुकूलन यंत्रणा करणारा इंजिनियर! हवा कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते यावर ज्याचं पोट चालतं, त्या माणसाने धुराड्याची झडप उघडी आहे का हे बघितलं नाही. निम्मा धूर वर गेला आणि निम्मा आपल्या अंगावर आला. खिडक्या उघडल्या. अविनाशराव रुमालात खोकत म्हणाले, "काळा आहे हो, नक्की काळा आहे."

आणि त्या धुरात आपण दुसरी फेरी घेतली. डोळ्यांतून पाणी, हातात पेन. मी चिठ्ठ्या वाचत होतो. इनास. इनास. एक विनायक. इनास. परत इनास. वाचता वाचता मला काय वाटत होतं ते तुला कधी सांगितलं नाही, म्हणजे सांगायला तू संधीच दिली नाहीस. पुण्याची, मुंबईची, नाशिकची माणसं, एकमेकांचं तोंड न बघणारी, न ठरवता एक नाव लिहीत होती. दोन तृतीयांश झाले. वर एक मत जास्त. मी चिठ्ठ्या खाली ठेवल्या, अंगातला शर्ट नीट केला आणि तुझ्याच नियमाप्रमाणे विचारलं, "इनास, स्वीकार आहे का?"

तू म्हणालास, "नाही."

मला वाटलं मस्करी. तू परत म्हणालास, "नाही. माफ करा." आणि चिठ्ठ्या गोळा करून शेगडीकडे गेलास, आणि याही वेळी झडप विसरलास.

पुढचं सगळ्या गावाला ठाऊक आहे. समोरच्या घरातल्या बाईने खिडकीतून धूर बघितला, फोन केला, आणि आपण दार वाजवत असताना लाल गाडी अंगणात. अग्निशमन दलाची माणसं हेल्मेट घालून, कुऱ्हाड घेऊन. दार मोडणार इतक्यात रेजिनावहिनी मध्ये पडल्या, खिडकीतून आपल्याला मोजून घेतलं आणि मेल्विनला हाउसमाइस्टरकडे पळवलं. दलाच्या प्रमुखाला सगळा प्रकार सांगितला तेव्हा तो गुडघ्यावर हात ठेवून हसला. मग त्याने डोळे पुसले आणि विचारलं, "बरं, मग कोण झाला?"

पंचवीस माणसं एकमेकांकडे बघत उभी राहिली.  शेवटी अंगणातच हात वर करून अविनाशराव अध्यक्ष झाले, वडे गार होत होते म्हणून.

आता माझं ऐक. सभेच्या आधी, चहाच्या वेळी, अविनाशराव कोणाला तरी म्हणत होते, "शेवटी गणपतीचं मंडळ आहे, लोक काय म्हणतील तेही बघायला हवं." मी ऐकलं. तू माझ्या शेजारी उभा होतास, तूही ऐकलंस, असं मी धरून चाललो. म्हणून तू नाही म्हणालास, असंही. आणि माझं पित्त खवळलं. अविनाशरावांवर खवळलं, पण जास्त तुझ्यावर. तुला मतं मिळाली होती! कोणाची कृपा नव्हती. माझ्यासारख्याला विचार, खुर्ची समोर येते तेव्हा माणसाने बसायचं असतं, मान खाली घालून मागच्या भिंतीला जायचं नसतं. मागच्या भिंतीला उभं राहून आमच्या पिढ्या गेल्या. तू बसला असतास तर ती खुर्ची पुढच्यालाही सोपी झाली असती.

हे मी तुला किती वेळा म्हणालो? आणि तू काय उत्तरं दिलीस? एकदा म्हणालास, "मधल्या मापाचा झगा नव्हता." एकदा म्हणालास, "आरती म्हणताना मी 'संकटी पावावे'ला अडखळतो." एकदा नुसतंच, "दत्तोबा, मासे गार होतायत." यंदाच्या उन्हाळ्यात तू मला ऑफिसात फोन केलास. मी मीटिंगमधून उठून बाहेर धावलो, वाटलं कोणाला काही झालं. तर तू खुशीत, "नव्या पोपने नियम बदलला! कितीही फेऱ्या होऊ देत, आता दोन तृतीयांशच लागणार. मधे ते साध्या बहुमताचं घुसडलं होतं ना, ते काढलं." मी म्हटलं, "तुला दोन तृतीयांश मिळून काय उपयोग झाला रे?" तू फोन ठेवलास. रागाने नव्हे. तुला रागावता कुठे यायचं! दोन वर्षं मी अविनाशरावांशी नमस्काराच्या पलीकडे बोललो नाही, ते तुझ्यासाठी. तू मात्र त्यांच्या बागेत टोमॅटोची रोपं लावायला जात होतास. माणसाने कोणाची बाजू घ्यावी आणि त्या माणसाने समोरच्याच्या टोमॅटोला आधाराच्या काठ्या बांधाव्यात!

तुला वसईला नेलं. वहिनी आणि मेल्विन तिकडचे विधी आटोपून, घर आवरायला म्हणून परत आले. मागच्या शनिवारी मी आणि सुनीता मदतीला गेलो. दुपारी स्वयंपाकघरात खोकी भरताना मी वहिनींना बोललो. राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, एवढं एक मला शेवटपर्यंत सांगितलं नाही त्याने. तो नाही का म्हणाला? अविनाशरावांमुळेच ना?"

वहिनींनी हातातली थाळी कागदात गुंडाळायची थांबवली. "अविनाशराव? त्यांचं काय?"

मी सांगितलं.

"अहो दत्ताभाऊ," त्या म्हणाल्या, "ते त्याने ऐकलं असेल की नाही कोणास ठाऊक. आम्ही जाणार होतो."

"कुठे?"

"घरी. वसईला. कायमचे. पप्पा वाडीवर एकटे होते, केळी बघायला माणूस मिळत नव्हता, त्यांना दिसायचं कमी झालेलं. त्याच वसंतात ठरवलं आम्ही, मेल्विनचं शाळेचं वर्ष संपलं की निघायचं. मला म्हणाला, अध्यक्ष होऊन दोन महिन्यांत पळालो तर बरं दिसेल का?"

 मी विचारलं, "मग गेला का नाहीत?"

"तुम्हाला सांगायचं होतं ना आधी." वहिनींनी हे अगदी साधेपणाने सांगितलं, दोष दिल्यासारखं बिलकुल नाही. "दर रविवारी तुमच्याकडे यायला निघाला की म्हणायचा, आज सांगतो. परत आला की म्हणायचा, पुढच्या रविवारी. म्हणायचा, दत्ता म्हणतो आपण दोघं आहोत म्हणून हे गाव सहन होतं. त्याला कुठल्या तोंडाने सांगू? असं करता करता शाळा सुरू व्हायची वेळ आली. आणि पावसाळ्यात पप्पा गेले. मग म्हणाला, आता कोणासाठी जायचं."

आपण दोघं आहोत म्हणून हे गाव सहन होतं, हे वाक्य मी तुला कधी म्हणालो, इनास, मला आठवत नाही. पण माझंच आहे, ओळखू येतं. तुझे वडील गेले तेव्हा तू तिकडे जाऊन आलास, तुला म्युनिकच्या विमानतळावरून मीच आणलं. गाडीत बसल्याबसल्या तू पिशवीतून वाडीवरची सुकेळी काढून दिलीस. म्हणालास, शेवटची, पप्पांनी वाळवलेली. मी चार खाल्ली, गाडी चालवता चालवता. अरे माणसा, तेव्हा तरी तोंड उघडायचंस!

घरी आल्यावर मी अविनाशरावांना फोन केला. दोन वर्षांनी. सगळं सांगितलं, मी त्यांच्यावर काय धरून बसलो होतो तेही. मी आडपडदा ठेवत नाही, हे त्यांना माहीत आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लोक काय म्हणतील ते बघायला हवं, असं मी म्हणालो खरं. आणि मग आत जाऊन त्यालाच मत दिलं."

मी म्हटलं, "ते आता कळायला मार्ग नाही. सगळ्या चिठ्ठ्या जाळल्या."

"त्यानेच जाळल्या," ते म्हणाले. "झडप न उघडता."

मग आम्ही दोघं हसलो, आणि मग फोन ठेवायचं कोणाला सुचेना. मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय. हे ते छापायच्या आधी वाचतीलच, म्हणून इथेच लिहितो.

तर माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि वैताग दुप्पट झाला. दोन वर्षं मी काय काय रचत होतो! धर्म, जात, नम्रपणा, वसईची माणसं, लातूरची माणसं. रविवारच्या रविवारी तुला भाषणं दिली. आणि त्या पहिल्या उन्हाळ्यात तू समोर बसून मासे खात, एका म्हाताऱ्याकडे जायला उशीर होतोय हे मनात धरून, माझी भाषणं ऐकत होतास. तुझ्या भिडस्तपणाने तुझ्या बापाची शेवटची भेट गेली, आणि त्याचं कारण म्हणून माझं नाव कायमचं तिथे चिकटवून गेलास. यासाठी मी तुझे आभार मानू की तुझी गचांडी धरू, मला ठरवता येत नाही.

एवढं मात्र सांगतो, सांगितलं असतंस तर काय झालं असतं. मी चिडलो असतो. मेल्विनची शाळा, पेन्शन, वसईचे डास, सगळे मुद्दे काढले असते. सुनीताला वहिनींकडे पाठवलं असतं, पूर्वाला मेल्विनकडे. वडिलांना इकडेच घेऊन ये म्हणालो असतो, त्या दिसत नसलेल्या म्हाताऱ्याला, बर्फात. विमानतळापर्यंत वाद घालत आलो असतो. तू थांबला असतास, कारण तुला नाही म्हणणं जमतच नव्हतं, जन्मात एकदाच म्हणालास आणि तेही धुरात. हे सगळं तुला आधीच दिसलं होतं. आम्हाला काय वाटत होतं, तुला माणसं कळत नाहीत!

बरोबर ओळखलंस, इनास. मी तुला अडवलंच असतं.